न्गुबाने लिलाववाल्याची उतरती बोली

मूई रिव्हरच्या गुरांच्या बाजारात म्फिवा न्गुबानेइतकं भराभर बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि मी वकील आहे. बैल रिंगणात येऊन शेपटी हलवतो न हलवतो तोच हा त्याला विकून मोकळा. तासाला नव्वद जनावरं, दर जनावरामागे दलाली, वर्षाला सात लाख रँड कमाई. घरी मात्र बायको मामेयिवा बोलायची आणि हा ऐकायचा, कारण दिवसाचे शब्द बाजारातच संपलेले असायचे.

मग एका ट्रकनं त्याच्या गाडीला मागून ठोकलं. जबड्यात धातूची पट्टी बसली. आता न्गुबाने एकेक शब्द असा काढतो, जणू प्रत्येकावर कर भरायचाय.

आमच्याकडे रस्त्यावर मोडलेल्या माणसाला सरकारी निधी भरपाई देतो. पुढच्या आयुष्यात जेवढी कमाई बुडेल तेवढी, पण तेव्हाच्या नियमानं वर्षाला तीन लाखांवर एक दमडी नाही. ही मर्यादा कमाईवर नाही, बुडालेल्या रकमेवर. मी एकदा उलटं धरून कमाईलाच कात्री लावली होती. तेव्हा अशा भरपाईचे हिशेब करून देणाऱ्या झिबुयिलेबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, झाकण पातेल्यावर ठेवतात, पिठाच्या पोत्यावर नाही." बाईंनी वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समोरच्याला नापास करण्याची हौस अजून फिटलेली नाही.

सोमवारी सकाळी न्गुबाने सूट घालून, बायकोला घेऊन बाईंच्या मारित्झबर्गच्या ऑफिसात आला. त्याचा वकील म्हणून मीही होतोच.

"आता वर्षाला किती मिळतात?" बाईंनी विचारलं.

"पाच लाख."

मलाही त्यानं हाच आकडा सांगितला होता, आणि तेव्हाही बायको शेजारीच बसली होती. सातातून पाच गेले, वर्षाला दोन लाखांचा तोटा. मी आळशी माणूस, मला पटलं होतं.

"म्बोम्वू," बाई म्हणाल्या. त्या कुणाला कुळाच्या नावानं गोंजारू लागल्या की समजावं, सुरीला धार लावणं चाललंय. "तासाला किती बैल विकता आता?"

"बरेच."

"बरेच हा आकडा मी कधी शिकवला नाही."

"चाळीस."

"या जबड्यानं? गिऱ्हाईक मधे घरी जाऊन जेवून येत असेल." बाईंनी एका फायलीवर हात ठेवला. "बाजाराचे कागद माझ्याकडे आलेत. पण कोर्टात उभे तुम्ही राहणार, कागद नाही. तिथे पाच म्हणालात तर खोटे ठराल. आकडा तुमच्या तोंडून येऊ दे."

न्गुबानेनं बायकोकडे पाहिलं. "चार लाख."

उभ्या जन्मात या माणसानं बोली फक्त चढवली होती. ती उतरताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"खाली या."

"तीन."

"अजून खाली."

मघापासून पर्स चाचपणारी मामेयिवा थांबली.

"बैल नाहीत," तो म्हणाला. "बैल आता दुसरा विकतो."

"मग तुम्ही?"

"शेळ्या." बाईंनी पेन्सिल उचलली. "आणि कोंबड्या. मागच्या छपरात. एक लाख ऐंशी हजार."

"कोंबड्या?" मामेयिवा म्हणाली. "लुंगिलेच्या बाबा, परवा चर्चमध्ये माझ्या भावाला त्या तांबड्या बैलाची गोष्ट कोण सांगत होतं?"

"बैल होता. मी कुंपणाबाहेरून पाहिला."

मला हसू फुटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. आमच्याकडे माणसाची पत त्याच्या गुरांवरून ठरते. कोंबड्यांवरून त्याचं फक्त हसं होतं.

बाईंनी पेन्सिल चालवली. "बुडाले पाच लाख वीस हजार. पुढे आजारपण आलं असतं, बाजार बसला असता, त्याची काटछाट झाकणाआधीच केली. तरी तीनच्या वरच राहतात. वर झाकण. वर्षाला तीन लाख."

न्गुबानेनं मनात काहीतरी जुळवलं. आकड्यांत तो कच्चा नव्हता. "म्हणजे मी तीन लाखांवर थांबलो असतो..."

"तरी हेच मिळाले असते."

"मग माझ्या कोंबड्या फुकटच बाहेर काढल्यात की बाई!"

  उत्तर मामेयिवानं दिलं.

"बाई तिथेच थांबल्या असत्या, तर तुम्ही मला कधी सांगितलं असतं?"

न्गुबाने सुटाची बटणं लावू लागला.

"गुरुवारी मी बाजारात येतेय," ती उठत म्हणाली. "मागच्या छपरात."

"तिथे वास येतो."

"येऊ दे. कोंबडी घ्यायचीय. आणि भाव पाडून घेणार आहे."