भागम्मा, अप्पा आणि गोड औषध

लग्नसराई ऐन भरात होती. जिंतूरच्या बाजारात कल्याणअप्पांनी एका बाईच्या गुलाबी साडीला पोपटी फॉल काढून दिला आणि म्हणाले, "घ्या. एकदम जुळला."

बाई हसली. तिच्यासोबतची हसली. अप्पा थट्टा करायलेत, असंच दोघींना वाटलं. गल्ल्याजवळ बसलेली भागम्मा मात्र हसली नाही. तिचा नवरा रंगाची थट्टा कधीच करत नसे.

अप्पांचं मॅचिंगचं दुकान. साडीचा पदर डोळ्यांखालून गेला की त्यांचा हात बरोबर त्या गठ्ठ्यावर जाई. वांगी, जांभळा आणि वाइन यांतला फरक ते तीन सख्ख्या भावांतला सांगावा तसा सांगत. भागम्माला तिन्ही वांगीच दिसत. तिचं काम पैसे घेणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं. दुसरं काम ती जास्त करी.

अप्पांचं लिव्हर खराब होतं. लहानपणच्या काविळीने ते आतून पोखरलं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण भेटायला येणारे कानाशी लागून विचारत, "किती घ्यायचे हो?" गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, चहासुद्धा अर्धा कप पिणारा माणूस.

"लय घ्यायचे," भागम्मा मोठ्याने सांगे. "फॉल घ्यायचे, अस्तर घ्यायचे. तुमाला काय दाखवू?"

खराब लिव्हर पोटातली घाण गाळू शकत नाही. मग ती रक्तातून डोक्यात चढते आणि माणूस भ्रमतो. म्हणून अप्पांना पाकासारखं दाट, गोड सिरप होतं. त्याने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायचं. तेच त्याचं काम. पण घर दुकानामागच्या बोळात, आणि लग्नसराईत दुकानात बायकांची गर्दी. चार जणींच्या समोरून उठून लगबगीने बोळात जायचं, म्हणजे अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्यांनी गुपचूप औषध कमी केलं.

इकडे भागम्माला दिसत होतं की माणूस वाळत चाललाय. रोज एवढ्यांदा जायचं, अंगात राहील काय? तिने पोट बांधायला डाळिंबाच्या सालीचा काढा सुरू केला. जेवणानंतर, ताकातून. अप्पांना ताक आवडे.

दोघांनी एकमेकांना न सांगता पोटाला दोन्हीकडून कुलूप लावलं.

पोपटी फॉलच्या दुसऱ्या दिवशी अप्पा सकाळी पूजेला बसले. नेहमीसारखं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, हात डोळ्यांसमोर धरला. आणि हात एकदम खाली पडला. सावरला. पुन्हा पडला. भागम्माने झेप घेऊन खाली ओंजळ धरली.

"अवो, काय व्हायलंय?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. "बसा," ते म्हणाले. "मालकीण येईल आता."

मुलगा राजेश्वर परभणीत नोकरीला. त्यानेच फोनवरून गाडीची सोय केली आणि तिथल्या दवाखान्याच्या दारात उभा राहिला. तोवर अप्पा झोपल्यासारखे झाले होते.

डॉक्टर साक्षी राजेश्वरपेक्षाही लहान दिसत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, पोट कधी साफ झालं होतं?"

भागम्माने बोटांवर दिवस मोजले. मग काढ्याचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही तर दारच बंद केलंत."

त्यांनी सिरपऐवजी एक पावडर मागवली. आतड्याच्या तपासणीआधी पोट धुवायला देतात ती. ती भरपूर पाण्यात कालवली आणि नाकातल्या नळीने सोडली. नंतर जे सुरू झालं त्याचं वर्णन नको. चादरी बदलून बदलून वॉर्डातल्या मावशी बेजार झाल्या. "काकू, तुमच्या मालकांनी सगळी लग्नसराई आजच उरकली," त्या म्हणाल्या. भागम्माला रडू येत होतं, तरी हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी डोळे उघडले. खाटेभोवतीच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मोरपंखी हाय का हो हे?" भागम्माने मुद्दाम विचारलं.

"मोरपंखी?" अप्पांचा आवाज खरखरीत होता. "अगं, रामा कलर हाय. एवढी वर्षं गल्ल्यावर बसून काय शिकलीस तू?"

एवढं गोड बोलणं तिने लग्नातही ऐकलं नव्हतं.

तिने डॉक्टरांना गाठलं. "हीच पावडर रोजची द्या की. सिरप कशाला आता? हे तर एका दिवसात भागलं."

"झटका आलेला असताना पावडर सिरपपेक्षा लवकर शुद्धीवर आणते, असं काही अभ्यासांत दिसलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण रोज एवढं धुतलं तर अंगातलं पाणी जाईल. अंग कोरडं पडलं की पुन्हा भ्रम. रोजच्याला सिरपच. त्याचा अनुभव कितीतरी वर्षांचा आहे."

भागम्माने विचार केला. "म्हंजे पावडर दिवाळीची साफसफाई. सिरप रोजचं झाडणं."

"अगदी. आणि झाडू मोजून मारायचा. दोनदा-तीनदा, मऊ. त्याहून जास्त झालं तर मला फोन करायचा. काढा करायचा नाही." मग त्या अप्पांकडे वळल्या. "काका, दोन्ही हात पुढे करा. एसटी थांबवतो तसे."

हात स्थिर राहिले. "पूजा झाली की रोज असे धरायला लावा, काकू. हात फडफडला की लगेच इकडे निघा."

राजेश्वर हे सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, बास झालं. दुकान भाड्याने देऊ. तुमी दोघं परभणीला या."

"तिथं हे दिवसभर काय करतील? तुझ्या पडद्यांचे रंग बघतील?"

"आई, ते तुला ओळखत नव्हते."

शेवटी एवढं ठरलं. दिवाळीपर्यंत बघू. मधे झटका आला तर दुकानाला कुलूप.

अडचण औषधाची नव्हती, लाजेची होती. जिंतूरला परतताना बसमध्ये अप्पांनी सिरप कमी केल्याचं कबूल केलं, तेव्हा भागम्माला हे कळलं. तिने लाज निकालात काढली. डॉक्टरांना विचारून पहिला डोस पहाटे, म्हणजे बरंचसं काम दुकान उघडायच्या आत. आणि अप्पा दुकानातून उठले की ती बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात सांगे, "औषध चालू हाय त्यांचं. पोट साफ करायला गेलेत. बसा दहा मिनिटं."

पहिल्यांदा अप्पा दारातच थिजले. "अगं, बाजारात दवंडी पिटायलीस का?"

"जावा तुमी. थांबून काय फायदा?"

आभाळ कोसळलं नाही. बायका बसल्या. एक म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना उलटं हाय, त्यांचं होतच न्हाई." मग त्यावर बराच वेळ चर्चा रंगली. भागम्माने तेवढ्यात दोघींना लेस विकली.

गणपती झाले. दसरा झाला. रोज हात बघून झाले, रोज सिरप झालं. एकदा जास्तच व्हायला लागलं तेव्हा तिने खरोखर फोन केला, आणि डॉक्टरांनी डोस कमी केला.

दिवाळीच्या तोंडावर राजेश्वर न सांगता आला. दुकान भाड्याने घेणारा एक जण त्याने हेरून ठेवला होता. दारात पोचला तर गादी रिकामी.

"आई, अप्पा कुठं हायेत?"

भागम्मा तोंड उघडणार, तेवढ्यात बाकड्यावरच्या तिघी एका सुरात म्हणाल्या, "पोट साफ करायला गेलेत. बसा दहा मिनिटं."

राजेश्वर आधी ओशाळला. मग हसायला लागला ते थांबेचना. अप्पा बोळातून धोतर सावरत आले, तेही आरामात, कुणाचीच पर्वा नसल्यासारखे.

"कवा आलास?" त्यांनी विचारलं. "भाड्याचं बोलायला आलास व्हय?"

राजेश्वरने आईकडे पाहिलं. ती पैसे मोजण्यात फार गुंतली होती.

"न्हाई," तो म्हणाला. "दिवाळीची गर्दी हाय. म्हटलं, हात लावावा."

"मग शर्टाच्या बाह्या वर कर," अप्पा म्हणाले. "ते वरचे गठ्ठे खाली घे. सगळे."