बेलवली ते बारवी, व्हाया कॅम्प दोन: हिरव्या गाडीची पहिली फेरी

लोक बाइकवर सामान बांधून लडाखला जातात आणि त्यावर वीस-वीस भाग लिहितात. मी बदलापूरच्या बेलवलीतून निघाले, अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरला गेले, परतताना अंबरनाथला थांबले आणि बारवी धरणाचा रस्ता करून घरी आले. सगळं एका दिवसात. तरी याला मी प्रवास म्हणणार, कारण या एका दिवसासाठी माझे चार वर्षांचे रविवार खर्ची पडलेत. जुनी गाडी उभी करून तिच्यातून फिरायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मनावर घ्यायचं की नाही, ते नंतर ठरवा.

गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, इंग्रजी बनावटीची. कंपनीचं नाव देत नाही, नाहीतर कमेंटमध्ये फक्त किंमत विचारणारे गोळा होतील. वांगणीजवळच्या एका फार्महाउसच्या शेडमध्ये ती मला सापडली तेव्हा सीटवर कोंबड्या बसत होत्या. मी इन्शुरन्स सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि कुठला पोचा खरा, कुठला क्लेमसाठी मारलेला, ते सांगायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे मला एक गोष्ट लगेच दिसली. पत्रा कुजला होता, पण बाहेरची एकही पितळी वस्तू चोरीला गेली नव्हती. जाळी, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, चाकांचे नट, सगळं जागेवर. काळवंडलेलं, पण अस्सल.

या गाडीची माहिती असलेला माणूस आपल्या भागात एकच, असं ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी सांगितलं. कर्णिक काका. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, पायजम्याची इस्त्रीसुद्धा मोडू न देणारे. त्यांच्याकडे याच मॉडेलची गाडी होती, घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. फार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये उभी असताना तिच्या सगळ्या पितळी वस्तू कुणीतरी काढून नेल्या आणि त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. "माझी आता राहिली. आपण तुझी करू," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. घरी येऊन मी नितीनला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं की असा माणूस भेटायला नशीब लागतं. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या.

काकांनी मला सगळं शिकवलं. व्हॉल्व्ह घासायला, वायरिंग सोडवायला, रबरी नळीचं एक टोक कानाला लावून इंजिनाचं ऐकायला. आणि एक गोष्ट ते पहिल्यापासून ठासून सांगत आले. "मंजिरी, तू गाडी चालवणारी आहेस, मिरवणारी नाहीस. बदल कर. जुनं धरून बसू नकोस." म्हणून आम्ही पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवला, पुढे डिस्क ब्रेक लावले. जुने जोडीचे कार्बोरेटर काढून एकच नवा घातला, कारण जोडी जुळवत बसणं म्हणजे जन्माचा ताप, असं काकांचं म्हणणं. काढलेली जोडी त्यांच्याकडेच ठेवली. पितळी वस्तू मुलामा द्यायला तेच उल्हासनगरच्या कॅम्प दोनला घेऊन गेले. "तू येऊ नकोस, बाई बघून ते लोक भाव वाढवतात." सगळं चकचकीत होऊन परत आलं. मी ते माझ्या हातांनी बसवलं.

आता प्रवास. जानेवारीतला शनिवार, सकाळी आठ. बेत असा होता की अकरा वाजता अंबरनाथहून काकांना घ्यायचं आणि बारवीला जायचं, पहिला चहा धरणाजवळ. निघताना फडकं मारताना दिसलं की मागच्या डाव्या चाकाच्या नटाचा मुलामा सोलतोय. हा नट चाकाच्या मधोमध बसतो, त्याला दोन कान असतात, लाकडी हातोडीने कानावर ठोकून तो घट्ट करायचा. तो पुन्हा काळवंडलेला मला चालणार नव्हता. काकांना फोन केला, उचलला नाही. ते सकाळी पूजेत असतात. म्हटलं, दुकानाचं नाव माहीत आहे, आपणच जाऊन येऊ.

बदलापूर ते उल्हासनगर रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की साडेआठच्या आत अंबरनाथ ओलांडा. उघड्या गाडीत बसलात तर डोळ्यांना चष्मा आणि केसांना रुमाल हवाच, कारण डंपरमागची धूळ थेट तोंडावर येते. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, शूटिंग आहे का?" विठ्ठलवाडी डेपोपाशी बाइकवरच्या पोराने काच नसलेल्या बाजूने डोकं आत घातलं. "ताई, एक नंबर! मायलेज कितना देती है, सांगा ना." मी चौदा सांगितलं. दहा देते. पण एवढा आनंद झाला होता की खरं बोलवेना.

कॅम्प दोनला गाडी बाजाराच्या आत घालू नका. बाहेर लावा आणि चालत जा. न्याहारीला दाल पकवान खा, कुठल्याही गर्दीच्या गाडीवर मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांत पोट भरतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. मी खाल्लं. ती त्या दिवसातली शेवटची चांगली गोष्ट.

गोपभाईंचं दुकान म्हणजे एक गाळा, मागे भट्टी, पुढे पॉलिशचं चाक. गोपभाई साठीचे, कपाळावर चष्मा चढवलेले. इथे कुणी ड्रॉइंग देत नाही. सॅम्पल द्यायचं, तसंच दुसरं करून मिळतं, आतल्या ठशातल्या अक्षरांसकट. गाडी लावून मी नट ठोकून काढून आणला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं की तुमचा मुलामा सोलतोय.

त्यांनी नट उलटा केला, आतल्या कडेवर अंगठा फिरवला. "पॉलिश का क्या है साईं, फिर से कर देंगे. पीस तो मेरा ही है."

"म्हणजे?"

"मेरा बनाया हुआ. ये देखो टीका." आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पंचने मारलेला एक बारीक ठिपका होता. "सॅम्पल और माल मिक्स हो जाता है ना, दीदी. एक बार एक पार्टी ने बहुत झगड़ा किया, मेरा ओरिजिनल बदल दिया बोल के. तब से मैं अपने हर पीस पे टीका मारता हूँ. पूछे तो दिखा देता हूँ."

मी म्हटलं की मी ओरिजिनल दिलं होतं, फक्त मुलामा द्यायला.

"ओरिजिनल तो सब कर्णिक साहब ले गए. उस पे भी निकल चढ़ाया मैंने, अलग कागज में बांध के दिया. बोले दो गाड़ी है, दो सेट चाहिए." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "आप उनकी बेटी नहीं हो?"

नट परत घेऊन मी बाहेर आले आणि चाकावर ठोकून बसवला. माझ्या बॅगेत कामाचा लांब दांड्याचा आरसा असतो, गाडीच्या खालचं बघायचा. तो घेऊन मी रस्त्यावर उकिडवी बसले. जाळीच्या मागे ठिपका. दोन्ही दिव्यांच्या कडांना आतून ठिपका. झाकणाला, मुठींना, उरलेल्या नटांना. भोवती माणसं जमली होती, कुणी तरी विचारलं की गाडी ठोकली का. दुसऱ्यांचे खोटे क्लेम पकडून मी घर चालवते आणि माझ्याच गाडीत एवढे ठिपके बसवून वर दर रविवारी त्यांना पॉलिश करत होते. मला स्वतःची इतकी चीड आली की आरसा हातातून सुटला.

अंबरनाथला मी अकराच्या बऱ्याच आधी पोचले. दार काकूंनी उघडलं. "अगंबाई, आलीस पण? ते मागे आहेत," म्हणाल्या आणि घाईघाईने पुढे झाल्या, मला वाटतं मला बैठकीत बसवायला. मी सरळ मागे गेले.

ताडपत्री निघालेली होती. काकांची गाडी पांढरी, नव्या रंगाची, आणि तिच्या नाकावर माझी जाळी. टाकीवर माझं झाकण. मला आरशाची गरज नव्हती. झाकणाच्या कडेला कोंबड्यांच्या शेडमधला खिळा लागून एक ओरखडा पडला होता, तो मुलाम्याखालूनही दिसत होता.

काकांनी हात पुसले. "उद्यापासून आठवड्याने मुंबईला शो आहे, जुन्या गाड्यांचा. तुला सरप्राइज देणार होतो."

"हे माझं आहे, काका."

"बस जरा."

"हे सगळं माझं आहे."

ते खुर्चीत बसले. ओशाळतील असं मला वाटलं होतं. ते ओशाळले नाहीत. "तुझ्या गाडीला काय उपयोग होता त्याचा? पाच गिअर, डिस्क ब्रेक. शोमध्ये तुला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. बदललेल्या गाडीवर अस्सल जाळी लावून काय करणार होतीस?"

"बदल करायला तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं. तू ऐकलंस." मग जरा मऊ आवाजात, "गाडी तुला चालवायची होती, चालतेय ना? या वयात मला दुसरीकडून हे कुठून मिळणार होतं? तीस वर्षं थांबलो मी, मंजिरी."

काकू कॉफी घेऊन आल्या, दोन कप टेबलावर ठेवून आत गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्या रविवारपासून. दर वेळी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी कप बाजूला सारला.

मी म्हणू शकले असते की आत्ता पाना द्या, सगळं उतरवते. पोलिसात जाते म्हणू शकले असते. पण यातलं मी काहीच केलं नाही, कारण समोर बसलेल्या माणसाला मी चार वर्षं मनात वडिलांच्या जागी बसवलं होतं आणि तिथून त्याला ओढून काढायची मला सवय नव्हती.

काकांना वाटलं विषय संपला. त्यांनी गाडी सुरू केली. बॉनेट वर होतं, माझे जोडीचे कार्बोरेटर आत बसलेले. काकांना आता कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र घेतलंय, पण लावत नाहीत. त्यांनी रबरी नळी माझ्या हातात दिली. "तुझा कान घेऊ दे जरा. जोडी जुळली आहे का सांग. शोला हायवेने चालवतच नेणार आहे."

मी नळी लावली. पुढचा ठीक होता. मागच्याच्या बुडाशी बारीक शिट्टी होती, फटीतून हवा ओढली जात होती. अशा गाडीचं गल्लीत काही बिघडत नाही. तासभर हायवेला पळवली की मात्र मागचे पिस्टन तापून वितळायला लागतात. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"कसं आहे?" त्यांनी ओरडून विचारलं.

"मस्त," मी म्हटलं. "अगदी जुळलंय."

ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी निघाले.

बारवीला एकटीच गेले. जायचं असेल तर बदलापूरहून मूळगावच्या अंगाने जा, हिवाळ्यात सकाळीच, पेट्रोल आधी भरून घ्या, पुढे पंप सापडेलच असं नाही. रस्त्याला मध्ये मध्ये खड्डे आहेत, पण वळणं सुरेख आहेत आणि दोन्ही बाजूंना साग. पाचवा गिअर पडला, ब्रेक लोण्यासारखे लागले. गाडी खरंच छान चालते, हे लिहितानाही राग येतो. काकांनी काम चोख केलंय.

एका वळणावर कडेला एक म्हातारी बोरं घेऊन बसली होती. थांबले. तिने गाडी पुढून मागून बघितली.

"वर काय नाय गो बाय? पावसात काय करशील?"

"भिजेन," मी म्हटलं.

"मंग कशाला घेतलीस?" तिने विचारलं आणि एक मूठ बोरं वर घातली. दहा रुपयांत ओंजळभर. गोड होती. धरणाजवळ थांबले नाही, चहा घेतला नाही, गाडी वळवली.

घरी नितीनने विचारलं, कशी झाली? सगळं सांगितलं, फक्त शिट्टीचं सोडून. तो म्हणाला, वकील बघू. मी म्हटलं बघू. पुढचा आठवडाभर रोज वाटायचं, एक फोन करावा, फट बुजवून घ्या एवढंच सांगावं. दोन मिनिटांचं काम होतं. रोज फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

प्रवासातून काय उरलं, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. माझ्याकडे एक हिरवी गाडी उरली जी उत्तम पळते आणि जिच्याकडे बघवत नाही. सल्ला विचाराल तर आपली वस्तू मुलाम्याला द्यायची झाली की स्वतः उभं राहून करून घ्या, कोणी कितीही जवळचा असो.

हा मजकूर मी शुक्रवारीच लिहून ठेवला होता. काका माझा ब्लॉग न चुकता वाचतात, म्हणून रविवारी त्यांचा शो होईपर्यंत टाकला नाही. आज सोमवार. काल दुपारी काकूंचा फोन येत होता, पुन्हा पुन्हा. मी स्क्रीनवर त्यांचं नाव बघत बसले आणि उचलला नाही. वाटलं होतं, नाही उचलला की बरं वाटेल.