जाळीत लपलेले मजूर

दुसरीत दोनदा बसलो आणि शाळा सोडली. पण सही येते मला. अंगठा लावत नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, आटगावच्या आतल्या अंगाला. भात झोडून झालं की मी आणि माझी म्हातारी बायको मुरबाडकडे गवताच्या वखारीवर जातो. टोकावड्याच्या पुढे माळावर ती वखार. कापून आणलेलं गवत लोखंडी प्रेसमध्ये भरायचं, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना चौघांनी लोंबकळून दाबायचं, दाब तसाच धरून ठेवायचा आणि बायांनी तार ओवून गासडी बांधायची. त्या गासड्या मुंबईकडच्या तबेल्यांना जातात. आठवड्याला खर्ची मिळते, मीठमिरचीपुरती. बाकीची मजुरी शिमग्याला घरी निघताना घ्यायची, अशी रीत आहे.

त्या वर्षी शिमगा तोंडावर आला तरी शेठ मजुरीचं नाव काढीना. "पुढच्या हंगामाला एकदम घ्या," म्हणाला. बाकीचे माना खाली घालून उभे. मी म्हटलं, "मजुरी घेतल्याबिगर मी हितून हलनार नाय."

म्हातारी म्हणाली, "मग ऱ्हावा हितंच. होळी मी एकटीच पेटवते." बोलली, पण गेली नाही. बाकीचेही थांबले.

मजुरांच्या संघटनेच्या एका बाईंनी सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहून दिला. तो घेऊन मी कल्याणला कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. मी तो मागे सरकवला आणि पेन मागितलं. सही करायला मला वेळ लागतो. लागू दे.

अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी तिथूनच शेठला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडे मजूरच नाहीत, गवत मी तयार विकत घेतो. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "बाबा, मीच येऊन बघते. दिवस सांगत नाही, नाहीतर त्यालाही कळेल."

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. जीप दिसली की पळायचं. आमच्याकडे जीप म्हणजे जंगलखातं. चुलीचं लाकूड धरतात, कोयता काढून घेतात. लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्या दुपारी वखारीच्या वाटेला जीप वळली आणि बघता बघता सगळे करवंदीच्या जाळीत. सर्वांत पुढे आमची म्हातारी. ह्याच जीपची आपण वाट बघतोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी पळालो नाही. एक तर गुडघे, आणि ह्या वयात कुणाला बघून पळायचं?

मॅडम उतरल्या. शेठचा दिवाणजी हसत पुढे झाला. "बघा मॅडम, आहे का कोण? हा म्हातारा नुसता बिडी ओढायला येऊन बसतो."

मी जाळीकडे तोंड करून ओरडलो, "बाहेर या रे! आपल्या मॅडम हायत!"

आतून म्हातारीचा आवाज आला, "अवो, तुमाला धरलंय का?"

"नाय गो धरलं!"

"धरलंय म्हनूनच बोलावताय!"

मॅडमना हसू आलं, पण लगेच गेलं. "बाबा, माणसं समोर नसतील तर मजूर आढळले नाहीत असंच मला लिहावं लागेल." त्या एका ओळीत आमचा अख्खा हंगाम जाणार होता.

प्रेस भरलेलीच होती. मी उठलो, एकटाच एका दांड्याला लोंबकळलो, होता तेवढा जोर लावला आणि बोंब मारली, "दाब सुटतोय!"

दाब सुटला तर दांडा उलटा येतो आणि माणसाच्या बरगड्या मोडतो. ही हाक ऐकली की हातातलं टाकून धावायचं. तिथे कुणी विचार करत नाही. जाळी फाटल्यागत सगळे बाहेर आले. अंगावर ओरखडे, केसांत पाला. गडी आपापल्या दांड्याला, बाया तारेला, जो तो आपल्या जागेवर. म्हातारी तार ओवता ओवता मला बोलत होती, "एकटं कशाला चढलात? मरायचं तर मजुरी घेऊन मरा!"

गासडी बांधून बाहेर पडली. मॅडमनी दिवाणजीला विचारलं, "हे सगळेसुद्धा बिडी ओढायलाच येतात का?" मग त्या त्याच गासडीवर बसल्या आणि एकेकाला जवळ बोलावून लिहून घेत राहिल्या. म्हातारीने त्यांना हंड्यातलं पाणी दिलं.

मॅडमच्या कचेरीचा हुकूम आमच्या बाजूने झाला, तरी शेठ पैसे देईना. निम्मे घ्या आणि अर्ज मागे घ्या, असा निरोप त्याने धाडला. दोघेतिघे डळमळले. मी नाही म्हटलं, आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग वसुली मुरबाडच्या तहसीलदारांकडे गेली. तलाठी येऊन प्रेसला आणि गासड्यांना सील ठोकून गेला. गासड्या उघड्यावर, मृग जवळ आलेला. तेव्हा शेठने सगळे पैसे तहसीलला भरले.

चेक घ्यायला आम्ही सगळे मुरबाडला गेलो. रांगेत माझा नंबर आला, पुन्हा तो पॅड पुढे आला, पुन्हा मी सरकवला. तेवढ्यात आवारात जीप शिरली. रांग हलली, एक गडी तर थेट फाटकापर्यंत गेला. म्हातारीने माझं मनगट घट्ट धरलं, पण जागची हलली नाही.

मी विचारलं, "काय गो, पळत नाय?"

"कुठं पळू? माझा चेक आत हाय."