कोंबडीपुढचा नाकतोडा

मेडशीला एसटी थांब्याजवळ काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. धरणावरच्या मासेमारीसाठी ते खोटे नाकतोडे बांधतात. गळावर जुन्या चपलेच्या फोमचं अंग, ट्यूबच्या पट्टीचे पाय आणि वर कोंबड्याचं एक पीस, बस. मी ते शिकायला त्यांच्याकडे जातो. शिकताना गळाचं टोक मोडून घ्यायचं, हा त्यांचा नियम.

कारण परीक्षा त्यांची कोंबडी घेते. बांधून झालेला नाकतोडा दोऱ्याने अंगणात ओढायचा. तिने चोच मारली तरच तो जमला. मी पहिल्याला हौसेने डोळे रंगवले होते. काका म्हणाले, "मले काहून दाखवून राह्यला? तिले दाखव." तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा लकव्याने काकांचा डावा हात गेला. दुकान आता पुतण्या बघतो, पण नाकतोडे काकांनी सोडले नाहीत. टोक मोडलेला गळ दुकानातल्या लोखंडी शिकंज्यात आवळायचा, दोरा दातात धरायचा आणि उजव्या हाताने गुंडाळायचा. काल अख्खी दुपार खपून एक झाला. कोंबडी जवळ आली, मान वाकडी करून तिने पाहिलं आणि निघून गेली.

"चांगला झाला होता ना, काका," मी म्हणालो.

त्यांनी ब्लेडने दोरा कापला, फोम सोडवला, पीस फुंकून सरळ केलं.

"तुले माही कीव येते," ते म्हणाले. "तिले येत नाही. म्हनून तिले इचारतो."

आणि दोरा पुन्हा दातात धरला.