मेन स्विचपाशी माणूस

लोक म्हणतात, बायको गेली की घर खाले उठते. मले घराचं काही वाटत नाही. आंघोळीचं वाटते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. रायपूरकडे रशियन लोकायच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा होत होता, तेव्हा मी तिथं खलासी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागलो. सेक्टर दहात क्वार्टर मिळालं, मग ती आली. एका बाजूले तेलुगू, दुसऱ्या बाजूले पंजाबी, समोर बंगाली. तिले मराठीशिवाय काही येत नव्हतं. मी ड्युटीवर असलो की ती दिवसभर गप्प, आन् मी दमून आलो की मीही गप्प.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिचे सांधे धरले. हिवाळ्यात सकाळी बोटं अशी आखडत की भाकर थापता येईना, पोराच्या झबल्याचे बंद बांधता येईना. हातावर ऊन पाणी पडलं की बोटं सुटायची. पण पाणी तापवाले शेगडी पेटवायची, ती त्याच बोटांनी.

त्याच दिवसात एक रशियन जोडपं आपल्या देशात परत चाललं होतं. सामान विकून राहिले होते. त्यांच्या न्हाणीतला बिजलीचा शॉवर मी घेतला. पांढरी पेटी, एकीकडून थंड पाणी जाते, दुसरीकडून ऊन धार पडते. घरी आणून बत्तीच्या लाइनीवरच जोडला, बटन दाबलं, आन् साऱ्या क्वार्टरची बत्ती गेली. बोर्डावर चिनीमातीचे दोन फ्यूज होते, दोन-चार बल्ब आन् एका पंख्यापुरते. ते उडाले.

ड्युटीवरचे म्हणाले, फ्यूजमधे तांब्याची जाड तार भर, परत उडणारच नाही. म्यां भरलीच होती जवळपास. मागच्या ब्लॉकमधे एक इलेक्ट्रिशियन राहायचा, रायपूरचा जुना मराठी माणूस. त्यानं हात धरला.

"भाऊ, फ्यूज मराले असते. तो नाही मेला त भिंतीतली वायर जळते."

मीटरपासून वेगळी जाड वायर ओढाची, तिचा मेन स्विच वेगळा, लोखंडी पेटीचा, एका दांड्यात दोन्ही तारा तोडणारा, असं त्यानं ठरवलं. बाजारात दोन पेट्या होत्या, एक पंधरा अँपिअरची, एक तिसाची. शॉवर तेरा खाते म्हणून मी पंधराची उचलली. त्यानं ती परत ठेवली. "रोज काठोकाठ चालवशील त तापेल. पेटी तिसाची घे. फ्यूजची तार तिच्यात पंधराचीच टाकू." त्याचं खरं होतं. पेटी एवढी जड की सायकलच्या कॅरिअरवर एका अंगाले कलत होती.

एवढं करून ती न्हाणीत जाईना. दारात उभी राहून शॉवरच्या पेटीकडे पाहे.

"वहिनी, अर्थिंग केली आहे," तो म्हणाला. "करंट चुकून बाहेर आला त जमिनीत जाते."

"आन् मी कशावर उभी राहीन?"

"जमिनीवर."

"मंग?"

"तुमच्याआधी तार त्याले घेऊन जाते."

"त्याले माहीत असते का, आधी कोणाकडे जायचं?"

तो हसत हसत गेला. शॉवर तसाच लटकून राहिला. सकाळी ती शेगडीपाशी बसे, काडी पेटवाले जाई त बोटांतून गळून पडे. मी पेटवून देतो म्हटलं त म्हणे, तुमची ड्युटी चुकेल.

एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "अजी, आजकाल तुमचं काम काय असते?"

म्यां सांगितलं. मशीनमधे फिटर शिरले की करंट बंद करतात, स्विचवर लाल पाटी लावतात, आन् एक माणूस तिथं बसवतात, कोणी येऊन चालू करू नये म्हणून. त्या आठवड्यात तो माणूस मी होतो.

"म्हणजे बसाचा पगार भेटते तुमाले?"

"बसाचा नाही. लक्ष ठेवाचा."

तिनं न्हाणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फिटर लोकायसाठी बसता. माझ्यासाठी बसा."

"अवो, तिथं करंट बंद असते. इथं चालू राहील."

"मंग त आणखीनच बसा."

इलेक्ट्रिशियननं स्विचची पेटी व्हरांड्यात मीटरपाशी लावली होती. तिनं ती काढून न्हाणीच्या दाराबाहेर कोरड्या भिंतीवर लावाले लावली, तीही कमरेएवढ्या उंचीवर. तो कुरकुरला, "सारी कॉलनी डोक्याएवढ्या उंचीवर लावते, वहिनी."

"सारी कॉलनी उभी राहते. हे बसतील."

मग रोजचं झालं. मी लाकडी पाटावर बसायचो, ती आतून विचारायची, "बसले का?" बसलो. "हात?" दांड्यावर. "टाका." मी दांडा ओढायचो. धार बारीक पडायची, शेळी मुतल्यासारखी, पण ऊन. ड्युटी कोणतीही असो, मी घरी आल्याशिवाय तिची आंघोळ नसे.

आन् ती बोलायची. तोंडासमोर जे कधी बोलली नाही ते दाराआडून बोलायची. तुमच्या आईनं मले कधी नावानं हाक नाही मारली. इथं दुपारी भोंगा वाजला की वाटते, तुमच्यावरच काही पडलं. मी नुसतं "हं" म्हणायचो.

"हं म्हणू नका, बोला. नाहीतर मले काय समजते, तिथं माणूस आहे का वाळत घातलेलं धोतर?"

मग मीही बोलाले लागलो. कामावर जे पाहून येत होतो, ते पहिल्यांदा कोणाले सांगितलं असेल त त्या दाराले. बोटं केव्हाच सुटलेली असायची, पाणी चालूच असायचं.

माझी आंघोळ मात्र थंड पाण्याची. ती पेटीले हात लावत नव्हती, आन् स्विचपाशी माणूस नाही त करंट नाही, हा तिचाच कायदा.

रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, पेटी तिथंच राहिली. पोरानं कॉलनीबाहेर जुनवानीत घर बांधलं. तिथंही मी तिच्यासाठी दाराबाहेर बसत होतो, पोरं हसत होती. मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली.

औंदा माझेच गुडघे धरले. डॉक्टर म्हणाला, बाबा, ऊन पाण्यानं आंघोळ करा. पोरानं नवा गिझर बसवला आन् बोर्डही नवा केला. भिंतीत चपटी पेटी, ओळीनं बटनं. नवा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बाबूजी, करंट जरा भी लीक हुआ तो ये अपने आप गिर जाएगा. किसी को देखने की ज़रूरत नहीं."

चांगली वस्तू आहे. तेव्हा असती त मीच घेतली असती.

पहिल्या दिवशी बटन टाकलं, आत गेलो, कडी लावली. पाणी ऊन होतं, धारही मोठी. गुडघ्याले बरं वाटलं. दाराबाहेर कोणी बसलेलं नव्हतं. मी नळ बंद केला.

आता सूनबाई रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारते, "मामाजी, गिझरचं बटन टाकलं का?"

मी म्हणतो, टाकलं. टाकत नाही.