तिचा जांभळा, माझा पांढरा

माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईकडे एक जांभळी काच होती आणि तशी माझ्याकडे नव्हती. खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण एवढ्यापायी मला दोन वर्षं गोड खाल्लेलं गोड लागलं नाही, म्हणून जरा बैजवार सांगते.

काच म्हणजे इन्सुलेटर. रुळांच्या कडेनं पूर्वी तारेचे खांब असायचे. त्या खांबाच्या आडव्या दांडीवर तार धरून ठेवायला उपड्या वाटीसारखी एक जाडजूड वस्तू बसवलेली असायची, ती. आपल्याकडे ती बहुतेक चिनी मातीची, पांढरी नाहीतर चॉकलेटी. काचेची अगदी क्वचित. मी कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअरला होते. चिनी मातीच्या इन्सुलेटरांची खोकी उतरवून घेण्यात नोकरी सरली, त्याचं कधी काही वाटलं नाही. मग आमचे एक साहेब रिटायर झाले आणि टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला हिरव्या काचेचा इन्सुलेटर जाता जाता माझ्या हातात देऊन गेले. मी तो घरी खिडकीत ठेवला. सकाळचं ऊन त्यातून आत आलं आणि मी कामातून गेले.

तेव्हापासून कबाड्यांची दुकानं पालथी घालायची, उखडलेल्या रुळांच्या कडेची झुडपं काठीनं उचकायची, हेच वेड. भिवापूरकडे जाणारी छोटी रेल्वे बंद झाली, खांब निघाले, तेव्हा तर माझी दिवाळीच. आमचे हे म्हणतात, "लोकायच्या बायका सोनं जमवतात, माही बायको खांबावरचं भंगार." म्हणू दे. त्यांच्या म्हणण्याकडे लक्ष दिलं असतं तर माझ्याकडे एकही काच नसती.

आता ती. कोराडीच्या कॉलनीत आमची क्वार्टरं समोरासमोर होती. आमच्या दोघींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राखही एकाच चिमणीची पडायची. रिटायर झाल्यावर सक्करदऱ्यात एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली, ती तळमजल्यावर, मी वर. मग तिचा नवरा गेला. बाई दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मीच तिला उठवलं. मीच म्हटलं, "चाल वं माह्यासंग, हवा तरी लागल." माझ्या ह्या हातांनी मी तिला बसमध्ये चढवलं, काच कशी ओळखायची ते शिकवलं आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आमचा नियम असा होता की दोघी मिळून निघालो तर जिच्या तोंडून आधी "माझा" निघेल, तिचा. दुसरीनं मग हातही लावायचा नाही. नियम मीच केला होता. मला वाटलं होतं, हिला काय दिसणार आहे?

भिवापूरच्या अलीकडे एका जागी आम्ही उतरलो होतो. उन्हं चढलेली. मी काठीनं एकेक झुडूप उचकत, कमरेचा काटा ढिला करत चालले होते, आणि हिला लागली लघवी. मी म्हटलं, "थांब ना वं जराशी, पुढं कोणाचं घर लागल." "नाही थांबवत," म्हणाली आणि गेली बोरीमागं. मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले, कोणी येऊ नये म्हणून पहारा देत. पहारा! तेवढ्यात मागून आवाज आला, "माझा!" बाप्पा, मी गर्रकन वळले. बाई बोरीमागून पदर सावरत आली, तर हातात मातीनं भरलेला एक गोळा. पदरानं पुसला, उन्हात धरला. पिकल्या जांभळाचा रस पाण्यात सोडावा तसा रंग.

असा मी फोनवरच्या फोटोतच पाहिला होता. वर्षानुवर्षं कबाड्यांपुढे तोंड वेंगाडणारी मी, आणि लघवीला जाऊन जांभळा घेऊन येणारी ती. कानामागून आली अन् तिखट झाली, ते हिच्यासाठीच कोणी म्हणून ठेवलं असेल. येताना बसमध्ये ती म्हणाली, "काहून वं, बोलून नाही राहिली?" मी म्हटलं, "डोकं दुखून राहिलं." डोकं नव्हतं दुखत. पोट दुखत होतं, आणि कशानं ते मला चांगलं ठाऊक होतं.

तिनं तो टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. मी काही ना काही निमित्तानं खाली जायची. कधी कोथिंबीर मागायला, कधी विजेचं बिल आलं का विचारायला. गेले की तो हातात घ्यायची, फिरवायची, खोट शोधायची. एकदा सापडली. खालच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला. काय सांगू, जीव गार झाला. "फुटका आहे वं," मी म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "मी तरी कुठं धड आहो." आणि हसली. अशा बाईचा धड रागही करता येत नाही, हा वेगळाच ताप.

मग आमच्या फोनवरच्या गटात, काचा जमवणाऱ्यांच्या, कोणीतरी लिहिलं की जांभळा रंग मुळातला नसतोच. जुन्या पांढऱ्या काचेत मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की तिला जांभळी झाक येते. मी ते वाचलं आणि उठून बसले. ऊन? ऊन पाहिजे? अहो, मी नागपुरात राहते!

इतवारीच्या एका कबाड्याकडून मी एक पांढऱ्या काचेचा मिळवला होता, नेमका तिच्या जांभळ्याच्याच साच्यातला. तो धुतला, पुसला आणि छतावर नेऊन ठेवला. बाकीच्या बायका कुरोड्या वाळत घालायच्या, मी इन्सुलेटर. दुपारी बारा वाजता जाऊन थोडा फिरवायची, म्हणजे सगळीकडून सारखा पिकावा. पहिला उन्हाळा गेला. काही नाही. पाऊस आला, मी रोज पुसला. हिवाळा गेला. पांढरा तो पांढराच. आमचे हे म्हणाले, "हळद लावून पाह्य." त्या दिवशी मी ह्यांना भाजीत मीठ घातलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात नवतपा लागला. मेच्या शेवटी शेवटी नऊ दिवस आग ओकणारे आमचे इथले. कुत्री गटारात जाऊन बसतात, माणसं कूलरपुढून हलत नाहीत. मी मात्र रोज छतावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काच फिरवायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी जिन्यात आले आणि धपकन बसले ती तिथंच. तिनं खालून आवाज ऐकला, वर आली, धरून घरात नेलं, तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. आणि शिव्या दिल्या. "काचेपायी मरतं काय वं? कायचा रंग पायजे तुले?" मला उलट्या होत होत्या तरी मी म्हटलं, "आज फिरवायची राहिली." तिनं ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी फिरवतो. तू पडून राह्य." आमच्याकडे बायकाही रागात अशाच बोलतात, बाप्यासारख्या.

आठवडाभर मी अंथरुणात. ती रोज वर जायची, खाली येऊन सांगायची, "आहे वं, आहे तुही काच." हिंडूफिरू लागले तशी मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन छतावर गेले. पाहते तर काय! जांभळा! ऊन इतकं की डोळे उघडेनात, चष्मा खालीच राहिलेला, पण जांभळा! मी ओरडले. रडले, खोटं कशाला सांगू. तिथंच फोटो काढला आणि गटात टाकला. खाली लिहिलं, नागपूरच्या उन्हाची कमाल, दोनच उन्हाळ्यांत.

झालं. फोन नुसता वाजत सुटला. वर्ध्याच्या एका गृहस्थांनी आपल्या सगळ्या काचा गच्चीवर मांडून फोटो पाठवला. अमरावतीच्या बाईंनी पत्र्यावर चढवल्या. जो तो मला विचारतोय, ताई, किती वाजता फिरवायची? मी उत्तरं देतेय, बारा वाजता, थोडीशी, घाई करायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तज्ज्ञ म्हटलं. मग जबलपूरच्या एकानं खालच्या बाजूचा फोटो मागितला. मी चष्मा लावला, इन्सुलेटर चांगला साबणानं धुतला आणि उलटा केला. खालच्या कडेला नखाएवढा टवका.

माझ्यासारख्या बाईला दुसऱ्याच्या वस्तूवरची खूण स्वतःच्या तिळापेक्षा पक्की ठाऊक असते. हा तिचा होता. मी अंथरुणात पडले असताना तिनं आपला वर नेऊन ठेवला होता आणि माझा खाली नेला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कळवळली म्हणे! मी काय तिच्या दारात पदर पसरला होता? मी तशीच ओल्या हातानं खाली गेले. ती लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. टीव्हीशेजारी, जांभळ्याच्या जागी, माझा पांढरा. मी बोट दाखवलं. "हे काय वं?"

तिनं मान वर केली नाही. "कोनतं? तो? माहाच आहे. रंग उडाला त्याचा. सावलीत ठेवला ना मी, म्हणून पांढरा पडला."

"असा उडते काय रंग?"

"मले काय माहीत? तूच तं जाणकार. उन्हानं येते तं सावलीनं जात असन." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ह्या बाईला खोटं बोलता येत नाही. कॉलनीत कोणाच्या घरचं दूध मांजरीनं सांडलं तरी हिचेच कान लाल व्हायचे.

मी उभी. हातात तो, अजून साबणाचं पाणी टपकत होतं. परत द्यावा तर दोन वर्षं ज्याच्यासाठी जळले तो हातचा जाणार, आणि वर्ध्यापासून जबलपूरपर्यंत सगळ्यांना सांगावं लागणार की उतरवा बाबांनो काचा. ठेवावा तर जन्मभर हिच्या उपकाराखाली. आणि सगळ्यांत जास्त कशाचा जळफळाट झाला म्हणाल तर ह्याचा, की तिला तो देता आला. माझ्याकडे असता तर मी मरतानासुद्धा मुठीत धरून गेले असते. इतकी सढळ हाताची ही कधी झाली, कुठं शिकली? मी तर नव्हतं शिकवलं.

"हाव," मी म्हटलं. "उडते कधी कधी." आणि वर आले.

आता तो माझ्या खिडकीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवते, आणि ती वर असली की माझ्याही आधी तीच सुरू होते, "पाहा ना, उन्हात ठेवून रंग आणला हिनं!" अगदी स्वतःची लेक पहिली आली अशा थाटात. त्या वेळी मी चहा ठेवायला आत जाते. गटात मी हल्ली लिहीत नाही. वर्ध्याच्या काचा अजून गच्चीवरच आहेत म्हणे.

मागच्या रविवारी आम्हांला विहारात जायचं होतं म्हणून मी सकाळी तिला बोलवायला गेले. ती आत साडीला पिना लावत होती. तिनं पांढरा टीव्हीजवळून उचलून पूर्वेच्या खिडकीत ठेवलेला. कोवळं ऊन त्यातून आरपार येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं, तिच्या नवऱ्याच्या फोटोखाली, आणि सगळी भिंत झळाळत होती. माझ्याकडे इतके दिवस होता, छतावर पोळून काढला, पण असा मी त्याला कधी ठेवूनच पाहिला नव्हता. काय सुंदर दिसत होता! वरचा माझा जांभळा आठवला, तो एकदम मळकट वाटायला लागला. पोटात पुन्हा तेच सुरू झालं, तेच जुनं, ओळखीचं.

ती बाहेर आली तशी माझ्या तोंडून निघूनच गेलं, "माहा परत दे वं."

ती थांबली. पिन हातातच राहिली. माझ्याकडे सरळ पाहत तिनं विचारलं, "कोनता?"

"काही नाही," मी म्हटलं. "चाल, उशीर होऊन राहिला."