बसच्या मागची मोटार

आम्ही फिरत्या दवाखान्यातले जुने लोक एकत्र बसलो की चहा निवून जातो, पण बोलणं संपत नाही. रोगी विसरलो, औषधांची नावं विसरलो. त्या बसच्या मागं बांधलेल्या छोट्या मोटारीचं मात्र प्रत्येकाला काही ना काही आठवतंच. एकानं सुरू केलं की दुसरा लगेच म्हणतो, "थांब, तू चुकीचं सांगतोयस!"

आम्ही चौघं. डॉक्टर, नर्स मार्थाबाई, ड्रायव्हर रंगूमामा आणि मी कंपाउंडर. सत्तर सालानंतरची गोष्ट. जुन्या बसमधली बाकं काढून आत तपासायचं टेबल, औषधांचं कपाट, स्टोव्ह आणि झोपायला फळ्या बसवल्या होत्या. आठवडेच्या आठवडे आमचा संसार त्यातच! पण वाडीवस्तीवर बस जायची नाही. म्हणून डॉक्टर आपली छोटी मोटार घेऊन बसच्या मागून यायचे. एकदा त्यांना स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि ते थेट कुणाच्या तरी ज्वारीत शिरले. त्या दिवसापासून मार्थाबाईंनी त्यांना लांबच्या ड्रायव्हिंगची बंदी केली!

मग केडगावच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या जीपच्या अॅक्सलवर दोन चाकांचा बुटका गाडा बनवून घेतला. मोटारीची पुढची चाकं त्यावर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि गाडा बसला जोडायचा. मागची चाकं आपली रस्त्यावरून पळतायत. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "परदेशात याला डॉली म्हणतात."

मार्थाबाई गंभीर झाल्या. "माझ्या भावजयीला कळू देऊ नका. तिचं नाव डॉली आहे!"

*

राहुरीच्या वाटेवर चहाला थांबलो होतो. तिथून निघालो आणि राहुरीत उतरून पाहतो तर मागच्या मोटारीत एक फेटेवाले आजोबा! दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं, नजर समोर, घामानं थबथबलेले.

डॉक्टर घाबरले. "आजोबा, तुम्ही आत कसे?"

"राहुरीला यायचं हुतं. मोटार मोकळीच दिसली."

"अहो, पण स्टिअरिंग कशाला धरलंत? ते बांधलेलं आहे, वळत नाही!"

आजोबा खाली उतरले, फेटा सारखा केला. "ते म्या बी वळकलं. वळत न्हवतंच. म्या लई जोर लावला म्हून वळणावर आली!"

*

एका नाक्यावर नवीन शिपाई होता. त्यानं बस सोडली आणि मोटारीला हात केला. बस थांबली, तशी मोटारही थांबली. तो खिडकीशी गेला, आत वाकून पाहिलं आणि रंगूमामाकडे धावत आला.

"तिचा ड्रायव्हर कुठाय?"

"मीच की."

"मग हिचा?"

"हिचा बी मीच."

शिपायानं एकदा पुढं पाहिलं, एकदा मागं पाहिलं. म्हणाला, "एवढी घाई कशाला करता हो? एक एक गाडी आणायची!"

*

या गाड्याची एक खोड होती. पुढं ओढा, कुठंही येईल. पण रिव्हर्स घेतला की मोटार आडवी! आणि कर्जत भागातल्या एका गावात, अगदी अरुंद गल्लीत, समोरून वरात आली. बँड, घोडा, नवरदेव, सगळं गाव.

रंगूमामा खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, आमच्यानं मागं जाववत न्हाई."

नवरदेवाचा बाप मिशीवर हात फिरवत म्हणाला, "आमची वरात बी कवा मागं गेली न्हाई!"

बराच वेळ कुणी हलेना. शेवटी बँडवाल्यांनीच मार्ग काढला. गाणं न थांबवता सगळे वाजवत वाजवत उलटे चालू लागले. त्यांच्यामागं वऱ्हाडही उलटं. घोडा तेवढा तयार नव्हता, म्हणून नवरदेवाला उतरवून उलटं चालवलं!

आम्ही निघताना नवरदेवाची आई खिडकीशी आली आणि आमच्या हातात लाडू ठेवत, नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "तुमी आलात म्हून बरं झालं. न्हाईतर या माणसाला मागं सरताना म्या कवा बघितलं असतं?"

*

मग दुष्काळ पडला. रस्त्यारस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली. एका चढावर रंगूमामा खुशीत म्हणाले, "आज बस लई हलकी वढतीय!" पुढच्या गावी उतरून पाहतो तर मागं नुसता गाडा. पट्टे तुटलेले, मोटार गायब!

तसेच उलटे फिरलो. चढाखाली मोटार रस्त्याच्या कडेला शांत उभी होती. दारं उघडी, आणि आत सीटांवर ओळीनं तान्ही पोरं झोपलेली! पलीकडं त्यांच्या आया खडी फोडत होत्या. आसपास झाड म्हणून नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काय हो बाई?"

एकीनं हातोडा खाली ठेवला. "सावली आपल्या पायानं चालत आली, सायेब. म्हनलं, पोरं तरी ठिवावी."

त्या दिवशी आमचा दवाखाना काम सुटेपर्यंत तिथंच भरला.

*

आणि ही त्याच उन्हाळ्यातली. नदीपलीकडच्या वस्तीवर एक बाई अडली होती. रंगूमामा आणि मार्थाबाई मोटार घेऊन तिला आणायला गेले. डॉक्टर आणि मी बसमध्ये पाणी उकळत बसलो. थोड्या वेळानं रंगूमामा एकटेच धावत आले. कोरड्या नदीच्या मधोमध मोटारीचं पुढचं चाक मोडून पडलं होतं.

"मूल पायाळू आहे. मार्थाबाई म्हणतात, तिला हातावर उचलून आणायचं न्हाई. मोटारीसकट आणा!"

बस वाळूत रुतली असती, म्हणून गाडाच बसपासून सोडवला आणि त्याला दोर बांधला. पण ओढणार कोण? बैल सगळे चारा-छावणीत. काठावर दुष्काळी काम चाललं होतं. रंगूमामांनी नुसती हाक मारली आणि बाया, बापे, म्हातारी सगळी पाट्या टाकून नदीत उतरली. मुकादम ओरडला, "कोन म्हनलं काम सोडा?" कुणी ऐकेना, तेव्हा त्यानंही डोक्याचा टॉवेल कमरेला बांधला आणि दोर धरला!

वाळूवर गोणपाट अंथरले. माणसांनी मोटारीचं तोंड उचलून गाड्यावर ठेवलं. मार्थाबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "हळू! पण थांबू नका!"

पन्नासएक माणसं ओढत होती. आतून ती पोर कण्हली की सगळ्यांचे हात आणखी आवळायचे. दोराला सगळ्यात पुढं तिची सासू होती.

बसच्या दारातून तिला आत घेतलं आणि दार लागलं. बाहेर सगळी माणसं धुळीत बसून राहिली. मुकादमसुद्धा. बराच वेळ गेला. मग एकदाचं रडणं ऐकू आलं, आणि नदीकाठी असा काही कल्ला उठला की डॉक्टरांच्या हातातली किटली पडली!

मार्थाबाईंनी दार उघडलं. "दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाली."

सगळ्यांनी सासूकडे पाहिलं. तिनं दोरानं सोललेले हात पदराला पुसले, पोरीला छातीशी घेतलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाली,

"बघा रं! आल्या आल्या सगळ्या गावाला कामाला लावलं हिनं!"